दोन बाजूंचं माप

सांगलीला विश्रामबागेत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी ब्लाउज शिवते, त्याला आता वीस-बावीस वर्षं होतील. माहेर उंब्रजचं. शिवण तिथंच एका बाईंच्या क्लासात शिकले. छातीचं माप घ्यायचं, त्याचे चार सारखे भाग करायचे आणि कापायला बसायचं, असं त्यांनी शिकवलं होतं. एका आक्कांची गाठ पडेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

आक्का माण तालुक्यातल्या, पन्नाशीच्या आतबाहेरच्या. नवरा मुंबईला भाजीबाजारात हमाली करायचा. गावाकडची कोरडवाहू जमीन आणि वीसेक मेंढरं त्या एकट्या सांभाळायच्या. त्यांची धाकटी बहीण आमच्या मागच्याच गल्लीत राहायची, माझं नेहमीचं गिऱ्हाईक. उन्हाळ्याच्या तोंडाला एका दुपारी दोघी आल्या. आक्कांच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. पिशवीतून त्यांनी दोन कापडं काढली आणि वर एक जुना ब्लाउज ठेवला.

मी टेप घेऊन उठले, तशा त्या मागं सरल्या.

"माप नगं ताई. ह्याच्यावरनं शिवा."

"जुन्यावरून नीट बसत नाही हो. दोन मिनिटांचं काम आहे."

"नगं."

बहीण खाली बघत राहिली. लग्नसराईचा ढीग समोर पडलेला. मला वाटलं, खेड्यातली बाई आहे, लाजत असेल. जुन्या ब्लाउजवरूनच शिवून टाकला.

आठवड्यानं त्या घालून बघायला आल्या. आतल्या खोलीतून बाहेर आल्या त्या दोन्ही खांद्यांवरून पदर लपेटूनच. कॉलेजात जाणारी एक मुलगी आणि तिची आई खुर्च्यांवर बसल्या होत्या. मी सवयीनं हात पुढं केला आणि पदर बाजूला ओढला.

डावीकडचं कापड रिकामं लोंबत होतं. त्याच बाजूची बाही मात्र दंडात रुतली होती.

मी काय बोलले ते मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "अहो, हे असं काय झालं? नीट उभ्या राहा बघू. एका बाजूला वाकलाय का?"

खुर्चीवरच्या दोघींनी मान वर करून पाहिलं. आक्कांचा चेहरा हलला नाही. त्यांनी पदर ओढून घेतला, आत गेल्या, ब्लाउज उतरवून घडी करून मशीनवर आणून ठेवला.

"राहू द्या ताई. तुमची काय चूक न्हाई," एवढं म्हणून त्या पायऱ्या उतरल्या.

बहीण दारात थांबली. हळू आवाजात तिनं सांगितलं, सात महिन्यांपूर्वी छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झालं. डावीकडचं सगळं काढलं. तेव्हापासून हात सुजतो, आणि आक्का कुणाला जवळ येऊ देत नाहीत. तिलासुद्धा नाही.

त्या दिवशी माझ्या हातून पुढचं काम झालं नाही. दुसऱ्या दुपारी खोली बंद केली आणि टेप, वही घेऊन बहिणीच्या घरी गेले. आक्का उजव्या हातानं शेंगा फोडत बसल्या होत्या. गिऱ्हाइकांशी मी शहरातलं बोलते. पण तिथं तोंडातून उंब्रजचंच आलं.

"आक्का, काल माझं लय चुकलं."

"तुमाला काय ठावं हुतं?"

"आज माप घिऊ द्या. आपण दोघीच."

हातातल्या शेंगा त्यांनी सुपात टाकल्या. मग म्हणाल्या, "डोळं मिटून घेता यील का?"

खोटं बोलवेना. "न्हाई आक्का. बघावं लागंल."

त्या उठल्या. बहिणीला बाहेर पाठवून दार त्यांनीच लावलं, आणि माझ्याकडं पाठ करून हूक काढले. मग वळल्या.

काखेपासून छातीच्या मध्यापर्यंत एक आडवी खूण गेली होती, आणि तिच्याखाली फासळ्या मोजता येतील इतकी पातळ कातडी. हजारो बायकांची मापं मी घेतली असतील. त्या दिवशी माझे हात गार पडले होते. ते एकमेकांवर घासून ऊब आणली आणि मगच टेप लावला.

"दुखतंय का?"

"न्हाई. तिथं बधिरच हाय."

मध्यापासून उजवीकडं मोजलं, लिहिलं. मध्यापासून डावीकडं मोजलं, लिहिलं. दोन मुंढे, म्हणजे काखेचे घेर, वेगळे, दोन दंड वेगळे. डावा हात खांद्याच्या वर जाईना, म्हणून त्यांनी खिडकीचा गज धरला. माझ्या बोटांखाली त्यांनी श्वास रोखून धरला होता.

"डाक्टर सोडून तुमीच," त्या म्हणाल्या. "ह्यास्नी बी दावलं न्हाई."

मी विचारलं, आतून मऊ गादी शिवून देऊ का, म्हणजे वरून कळणार नाही.

"लग्नापुरती द्या. आलेली माणसं लेकीकडं बघू देत. माज्याकडं कशाला?"

डाव्या आणि उजव्या बाजूचे दोन निराळे कागद कापावे लागले. दोनदा उसवलं. कापसाची गादी हलकी पडून वर सरकायला लागली, तेव्हा मलमलीच्या आत थोडी मोहरी भरली आणि वजन आणलं. शिवणी खुणेला घासू नयेत म्हणून अस्तर उलटं लावलं. सूज कमीजास्त होते, म्हणून डाव्या बाहीच्या शिवणीत चांगली माया सोडली, लागेल तसं उसवून सैल करता यावं म्हणून.

बहिणीच्या घरी कपाटाच्या आरशापुढं त्या उभ्या राहिल्या. आधी समोरून, मग बाजूनं. डावा हात खांद्यापर्यंत नेऊन बघितला. "जातोय की," म्हणाल्या, आणि खाली बसल्या.

लग्नाला मला आग्रहाचं बोलावणं होतं. एसटीनं गेले. मांडवात आक्का अक्षता वाटत फिरत होत्या. जेवणं उरकल्यावर त्यांचा नवरा मला शोधत आला. उंच, वाळलेला माणूस, पोती वाहून खांदे पुढं आलेले.

"सांगलीच्या ताई तुमीच व्हय?"

"व्हय."

तो पाण्याच्या पिंपाला टेकला. मग सांगायला लागला. "आपरेशनला मी हुतो. पर नंतर तिनं अंग झाकूनच ठिवलं. मी बी इचारलं न्हाई. मुंबईला निघून गेलो. आज सकाळी तिनंच हाक मारली. म्हणली, हूक लावा, ह्या हातानं जमंना." तो मांडवाच्या खांबाकडं बघत होता. "तवा बघितलं. मग लावलं."

त्यानं मठ्ठ्याचा पेला आणून माझ्या हातात दिला आणि पंगतीकडं गेला.

त्यानंतर तीन वर्षं आक्का तपासणीला सांगलीला आल्या की माझ्याकडं यायच्या. दुसऱ्या वर्षी म्हणाल्या, "ती गादी नगं आता. उकडतंय लय. हाय तसं शिवा." तसं शिवलं. गावात कुणी काही म्हणतं का, हे मी विचारलं नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. पावसाच्या, मेंढरांच्या, नातवाच्या गोष्टी सांगायच्या.

शेवटच्या खेपेला दुखणं हाडांत उतरलं होतं. बहिणीनं रिक्षातून आणलं, दोघींनी धरून खुर्चीत बसवलं. मी मापं घेतली. वहीत जुने आकडे शेजारीच होते. सगळी मापं उतरली होती, फक्त डावा दंड वाढला होता.

माझी पेन्सिल थांबलेली त्यांनी पाहिली. "कमी भरलं व्हय?"

"व्हय, आक्का."

"मग तसंच लिवा."

मी लिहिलं. तो ब्लाउज शिवून मी बहिणीकडं दिला, तिनं तो गावाला पाठवला. पंधरा दिवसांनी तिचा फोन आला, आक्का गेल्या. थोडं रडून झाल्यावर ती म्हणाली, "ताई, त्यो ब्लाउज तिनं घातलाच न्हाई. तसाच घडीत हाय. कुणाला तरी द्यावा म्हणतीया मी."

तो दुसऱ्या कुणालाच येणार नव्हता. मी म्हटलं, लेकीजवळ द्या. लेकीनं तो नेला, असं नंतर कळलं.