पा सेंगलाची वाळू

पा सेंगला, म्हणजे आमची सेंगलामावशी, भांडत नाही, आणि तिच्याशी भांडायला जाणाऱ्याचं खरं दुखणं तेच आहे. तुम्ही तावातावाने चार शब्द बोला, ती हातातला खराटा न थांबवता ‘हं’ म्हणते आणि झाडत पुढे जाते. मी हे रोज बघते, कारण देवळाच्या दारातच माझी शेवयांची गाडी आहे. तांदळाच्या शेवया आणि वर टोमॅटोचा तिखट रस्सा. इथे उत्तर थायलंडात, लाम्पांगला, असा रस्सा करणाऱ्या पुष्कळ आहेत म्हणे. असोत बापड्या.

आमचं देऊळ सागवानी, जुनं, आणि अंगण सगळं वाळूचं. पाहुण्यांच्या गाड्या शहरातलं कोंबड्याच्या चित्राच्या वाडग्यांचं म्युझियम बघून इथे येतात आणि इथून गरम झऱ्यांवर अंडी उकडायला जातात. मधल्या वेळात त्या आमच्या वाट्याला येतात. चपला दाराशीच काढायच्या असतात. एप्रिलच्या उन्हात वाळू अशी तापते, की विहाराच्या पायरीपर्यंत पाहुणे लाह्यांसारखे उडत जातात. मग सभामंडपाखाली थोरल्या भन्तेंनी मांडलेलं म्युझियम, म्हणजे एक ढोल, दोन माग आणि टांग्याचं एक चाक, फार मन लावून बघतात. तिथे सावली आहे ना.

तर या अंगणाला सिमेंट लागणार, अशी बातमी आली. एप्रिलातल्या आमच्या नव्या वर्षाच्या आधी काम पुरं करायचं, म्हणजे गाड्या थेट आत येतील. सिमेंट देणारा खुन थानित, म्हणजे थानितराव. मोठा माणूस, बँकॉकात तीन कारखाने. आमच्याच गावचा. लहानपणी पोट पुढे आणि पाय बारीक, म्हणून सगळे त्याला ओट म्हणायचे, ओट म्हणजे बेडकाचं पिल्लू.

गावात कोणाला सिमेंट हवं होतं, कोणाला नको होतं. पण बोलायची सोय नव्हती. दुसऱ्याच्या पुण्याच्या आड येणं हे आमच्याकडे मोठं पाप. माणूस देवळाला काही देतो म्हणाला, की ‘साधू साधू’ म्हणून हात जोडायचे. तो हत्ती देवो नाहीतर शौचालय. भन्तेंनीही हात जोडले. गावच्या पाटलाने तर अंगणाच्या मधोमध थानितचं नाव कुठे रंगवायचं, ती जागासुद्धा ठरवून टाकली.

सेंगलाला ते अंगण वाळूचंच हवं होतं. कारण सांगते. देवळात येणाऱ्याच्या तळव्याला चिकटून वर्षभर वाळू बाहेर जाते. देवळाचं नेलं ते देवळाला परत करायचं, म्हणून नव्या वर्षाला जो तो नदीवरून वाळू आणतो, अंगणात छोटे स्तूप रचतो, वर कागदी पताका लावतो. सण झाला की तीच वाळू अंगणभर पसरायची. आता सेंगलाची लेक फिम. ओटच्याच वर्गातली. त्यानेच तिला बँकॉकात शिवणकामाच्या कारखान्यात काम बघून दिलं होतं. सणाला आली, या अंगणातून अनवाणी चालली आणि बसमध्ये बसून गेली. त्या पावसाळ्यात तिला तापाने नेलं. तिच्या पायाला लागलेली वाळू तिकडेच राहिली. तेव्हापासून सेंगला दरवर्षी फिमच्या नावाची वाडगंभर वाळू आणते, आणि त्या वाळूला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. पोरगी देवळाची देणेकरी राहू नये, एवढंच तिचं म्हणणं. मला तर ती नदीवरून वर येताना बघवत नाही. गुडघे पार गेले आहेत तिचे.

सिमेंटच्या गोण्या आल्या त्या दिवशी ती भन्तेंसमोर जाऊन बसली. मी शेवया द्यायला गेले होते, म्हणून ऐकलं.

“उपासिका, आडवी येऊ नकोस,” भन्ते म्हणाले.

“नाही येणार भन्ते. माझंही पुण्यच आहे. वाळू आणते. लवकर आणलेली चालते ना?”

भन्ते बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. “न चालायला काय झालं,” म्हणाले.

झालं. दुसऱ्या सकाळी बाई वांग नदीत. नदीला पाणी घोट्याइतकं, वर रानातल्या वणव्यांचा धूर, डोळे चुरचुरतात. ही आपली चांदीच्या वाडग्यात वाळू घेऊन काठाची चढण चढते. तीन पावलं, थांबा. तीन पावलं, थांबा. गवंडी लुंग तिपने, म्हणजे तिपकाकाने, जिथे मिक्सर उभा करायचं ठरवलं होतं, बरोबर तिथे तिने स्तूप रचला. पताका लावली. भन्तेंना बोलावून विधिवत अर्पण केला.

लुंग तिप आला आणि डोक्याला हात लावून उभा राहिला. “पा, अख्खं अंगण मोकळं आहे. हीच जागा सापडली?”

“काढ ना. मी कुठे नको म्हणते?”

“मी काढू? लोकांनी अर्पण केलेलं? माझी बायको मला घरात घेईल का?”

“मग राहू दे.”

तिपने मिक्सर फणसाखाली नेला. दुसऱ्या दिवशी फणसाखाली स्तूप. तो घंटेपाशी सरकला, तर घंटेपाशीही स्तूप. चौथ्या दिवशी त्याची बायकोच वाळूची बादली घेऊन आली. तिचा भाऊ समुद्रावर मासेमारीच्या बोटीवर असतो, त्याच्या नावाची. मग कोणाची कोरियातली सून, कोणाचा फुकेतच्या हॉटेलातला मुलगा. आमच्या गावातली निम्मी माणसं बाहेर, त्यामुळे वाळूला तोटा नव्हता. मीही नेली. कोणासाठी ते मी सांगणार नाही.

तिप चिडून माझ्या गाडीवर येऊन बसला आणि मोठ्याने म्हणाला, “आणा, आणा! सण झाला की हीच वाळू काँक्रीटमध्ये घालतो. मला विकत आणायला नको.”

सेंगला झाडत होती. खराटा न थांबवता म्हणाली, “अर्पण करताना काय म्हटलं ते भन्तेंना विचार. अंगणात पसरायला, येणाऱ्याच्या पायाखाली. दुसरीकडे घातलीस तर पाप तुला.”

तिप भन्तेंकडे गेला. भन्ते म्हणाले, बाईंचं बरोबर आहे, जे ज्यासाठी दिलं त्यालाच लावायचं. “पण मग सिमेंटही अंगणासाठीच दिलंय,” तिप म्हणाला. भन्ते म्हणाले, तेही बरोबर आहे. देणाऱ्यालाच ते बदलता येईल.

म्हणजे सगळं खुन थानितवर येऊन अडकलं. आणि तो येणार सणाच्या दिवशी, आपलं नाव बघायला.

आला. काळी लांबलचक गाडी, पांढरा शर्ट. पाटील सकाळपासून घामाने निथळत होता. दाराशी बूट काढून थानित आत आला आणि जागीच थांबला. अंगणात पाऊल ठेवायला जागा नाही, जिकडे तिकडे स्तूप आणि पताका. गोण्या भिंतीशी जशाच्या तशा.

“हे काय आहे?” त्याने पाटलाला विचारलं. आवाज चढला होता. “महिना झाला सिमेंट येऊन!”

पाटील भन्तेंकडे बघायला लागला, भन्ते पंख्याकडे.

“ओट, इकडे ये,” सेंगला म्हणाली.

साऱ्या गावादेखत ओट म्हणाली. पाटलाच्या तोंडचं पाणी पळालं. पण थानित गेला. पाय भाजत होते, तोही पाहुण्यांसारखाच उड्या मारत गेला. कोपऱ्यात वाळूचं नुसतं जोतं घातलेलं होतं, हातभर उंचीचं. त्यावर हत्तीचं चित्र असलेली पताका. आमच्याकडे प्रत्येक जन्मवर्षाला एक प्राणी असतो, हत्ती त्याच्या वर्षाचा.

“हा तुझा. तू गेलास तेव्हापासून तुझी आई तुझी वाळू आणायची. ती गेली, मग मी आणते.”

“पा, मी सिमेंट दिलंय ना!”

“दिलंस. पण नेलीस ती वाळू होती.”

सेंगलाने ओचा सावरला आणि वाडगं त्याच्यापुढे धरलं. “यंदा माझ्याच्याने तुझी पुरी झाली नाही. गुडघे राहिले नाहीत. तुझी तू आण.”

मला वाटलं, आता हा वाडगं भिरकावतो. त्याने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली. पाय अजून बारीकच होते. नदीकडे उतरला, ओल्या वाळूने भरलेलं वाडगं घेऊन धापा टाकत वर आला, आणि आपल्या जोत्यावर ती ओतून हाताने थापून बसवली. मग भन्तेंसमोर गुडघे टेकले. “भन्ते, सिमेंट बाहेर लावा. गाड्या थांबतात तिथे.”

“साधू,” भन्ते म्हणाले. पाटलाने नाव बाहेर रंगवायचं का म्हणून हळूच विचारलं, पण त्याच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. कारण थानित रिकामं वाडगं घेऊन पुन्हा नदीकडे निघाला होता.

या वेळी तो बऱ्याच वेळाने वर आला. सरळ फिमच्या स्तूपापाशी गेला आणि तिथे उभा राहिला. वाळू ओतली नाही. सेंगलाकडे बघत राहिला. वाडग्यातलं पाणी त्याच्या पांढऱ्या शर्टावर गळत होतं.

सेंगलाही त्याच्याकडे बघत होती. मग तिने खराटा भिंतीला टेकवला आणि दोन पावलं बाजूला सरून त्याला जागा करून दिली.

“हळू ओत,” म्हणाली. “वरचं टोक मोडेल.”