मश्रूम कॉफीचा डोहाळा

तेर गावच्या त्या गल्लीत कुणाच्या सुनेला दिवस गेले, की पहिली खबर नवऱ्याला आणि दुसरी उमादेवीला. डोहाळे पुरवावेत तर तिनंच! कुणाला कवठ हवं, कुणाला भर उन्हाळ्यात हुरडा. चिंचेच्या झाडाखाली हातात दगड घेऊन उभी असलेली उमादेवी साऱ्या गावानं पाहिलीय. पोटुशीला नाही म्हणायचं नाही, एवढा एकच तिचा कायदा.

तो कायदा उगीच आला नव्हता. विरेश पोटात असताना तिला जिलबी खावीशी वाटली होती. सासूनं "चोचले कमी कर" म्हणून गप्प बसवलं. पुढं विरेशची लाळ गळायची थांबेना, तेव्हा तीच सासू चारचौघांत म्हणाली, "आईचा डोहाळा राहिलाय, दुसरं काय!" घ्या, म्हणजे उपाशी ठेवायचं त्यांनीच आणि बोल लावायचा तोही त्यांनीच. उमादेवीच्या मनाला ते लई लागलं.

आता विरेशची बायको शिवप्रिया पाचव्या महिन्यात होती. मागच्या खेपेला तिसऱ्याच महिन्यात गर्भ गेला होता, त्यामुळं सारं घर तिला फुलासारखं जपत होतं. चहाच्या नुसत्या वासानं तिला मळमळायचं. आणि डोहाळा लागावा कशाचा? तर मश्रूम कॉफीचा! पुण्यातली मैत्रीण रोज प्यायची, तिनं मोबाईलवर फोटो पाठवला, झालं. विरेशनं लगेच पुडा मागवला.

"मश्रूम म्हंजी भूछत्र न्हवं का रं? अन् त्याची कॉफी?" उमादेवीनं कपाळाला हात लावला. "काय एकेक निघतंय बाई! आण, करते. माझ्या घरात डोहाळा राहायचा न्हाय."

तिनं दूध तापत ठेवलं, पुडा फोडला, पूड चमच्यात घेतली आणि हात तिथंच थांबला. कवठ, चिंच, हुरडा हे तिनं स्वतः जन्मभर खाल्लेलं. ही चीज काय, तिला ठाऊकच नव्हतं. मागच्या वेळी दवाखान्याच्या बाकावर भिंतीकडं तोंड करून बसलेली शिवप्रिया तिला आठवली. तिनं गॅस बंद केला, पुडा पदराखाली घेतला आणि सरकारी दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी पुड्यावरचं बारीक अक्षर वाचलं. "मावशी, भाजीतला मश्रूम नीट शिजवून खाल्ला तर हरकत नाही. पण ही औषधी जातींची पूड आहे, वर यात कॉफीही आहे. गरोदर बायकांना अशी पूड चालते का, याचा पुरेसा अभ्यासच झालेला नाही. वाईटच आहे असं मी म्हणत नाही, पण चालेल असंही मला सांगता येत नाही. तेव्हा आता नको, आणि बाळ अंगावर पितंय तोवरही नको."

"पण डोहाळा हाय हो तिचा."

"मग समजूत काढा. तुमचं ऐकेल ती."

गावभर डोहाळे पुरवले आणि घरच्याच सुनेला नाही म्हणायची वेळ आली. वाटेत एकदा वाटलं, ज्वारी काळी होईस्तोवर भाजावी, उकळावी आणि तीच मश्रूम कॉफी म्हणून पुढं करावी. पोरीला काय कळतंय! पण फसवून पुरवला तो डोहाळा कसला? त्यापेक्षा तोंडावर नाही म्हणलेलं बरं, असं ठरवून ती घरी आली.

शिवप्रिया कप धुऊन वाटच बघत होती. उमादेवीनं डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. पोरीचे डोळे भरले.

"एक घोट पण न्हाय? तुम्हीच म्हणता ना आत्याबाई, डोहाळा राहिला की पोराची लाळ गळती म्हणून?"

उमादेवीनं पुडा फडताळाच्या वरच्या फळीवर पार मागं सारला.

"गळू दे," ती म्हणाली. "पोर तेवढं हातात येऊ दे. लाळ पुसायला मी हाय की."