झोपलेला गहू

तो नमुना आमच्या लॅबमध्ये आला तेव्हा आधीच एकदा नापास झालेला होता.

एप्रिल महिना होता. अंधेरीच्या एमआयडीसीत, तिसऱ्या मजल्यावर आमची बियाणं तपासायची छोटी लॅब. सकाळी अकराच्या सुमारास पन्नाशीच्या एक काकू कापडी पिशवी छातीशी धरून आत आल्या. निफाडच्या बाजूच्या. त्यांच्या गावातल्या अठरा बायकांनी मिळून पहिल्यांदाच विकण्यासाठी गव्हाचं बियाणं तयार केलं होतं. दुसऱ्या एका लॅबने ते उगवत नाही असं सांगितलं, म्हणून काकू स्वतः नमुना घेऊन मुंबईला आल्या होत्या.

"गहू चांगला आहे हो," त्या म्हणाल्या. "हातात घेऊन तर बघा."

मी घेतला. टपोरा, चकचकीत, एकसारखा दाणा. पण दिसण्यावरून रिपोर्ट लिहिता येत नाही. मी पावती केली आणि त्यांना दहा दिवसांनी फोन करायला सांगितलं.

मला तिथे लागून दीड वर्ष झालं होतं. मी वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली, आई मासळी बाजारात बसते. आमच्याकडे दोन्ही वेळेला भात, आणि मी दिवसभर गहू मोजायचे, याचं आईला हसू यायचं. लॅबच्या प्रमुख मॅडम मरोळ गावठाणातल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती. पंचवीस वर्षं याच कामात घालवलेली, बोलायला फटकळ. रिपोर्टवर सही त्यांची.

गव्हाची उगवण तपासायची पद्धत साधी आहे, फक्त कंटाळा करून चालत नाही. चारशे दाणे न निवडता मोजून घ्यायचे, शंभर-शंभरचे चार भाग करायचे. जाड ओल्या कागदावर ओळीने मांडायचे, वर दुसरा ओला कागद घालून गुंडाळी करायची आणि ती वीस अंशांवर ठेवलेल्या कपाटात उभी करायची. चौथ्या दिवशी एकदा मोजायचं, आठव्या दिवशी शेवटचं. शंभरात पंच्याऐंशी धड रोपं आली तर बियाणं पास.

आठव्या दिवशी मी चारही गुंडाळ्या उघडल्या. सरासरी आली चौसष्ट.

मॅडमनी कागद बघितला. "दोन लॅब, एकच उत्तर. लिही रिपोर्ट."

मी लिहायला बसले, पण हात चालेना. न उगवलेले दाणे अजून टेबलावरच होते. मेलेला दाणा आठ दिवस ओल्यात राहिला की मऊ पडतो, बोटाने दाबला तर पिठाळ पाणी सुटतं, बुरशी धरतो. हे दाणे चिमट्याने दाबले तरी घट्ट होते. फुगलेले, स्वच्छ, कसलाही वास नाही. एकशे चव्वेचाळीस दाणे, त्यातले जवळजवळ सगळे तसेच.

मी परत मॅडमच्या टेबलापाशी गेले. "मॅडम, हे मेलेले वाटत नाहीत."

"तुला काय वाटतं ते मला नको. काय दिसतंय ते सांग."

"घट्ट आहेत. बुरशी नाही. कापणी होऊन महिनासुद्धा झाला नाही. मला वाटतं... म्हणजे, ते अजून सुप्तावस्थेत असतील."

नुकताच कापलेला गहू कधीकधी काही आठवडे उगवायचं नाव घेत नाही. जिवंत असतो, पण झोपलेला. पुस्तकात मी हे वाचलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

मॅडमनी चष्मा काढला. "मग मला पुस्तकातलं काय ऐकवतेस? कापून दाखव."

कपाटात तपकिरी बाटलीत टेट्राझोलियम असायचं. दिसायला पाण्यासारखं. बी चिरून त्यात ठेवलं की जिवंत भाग लाल होतो, मेलेला पांढराच राहतो. मी नवीन ब्लेड काढलं आणि एकेक दाणा उभा चिरायला घेतला. अंकुराच्या बरोबर मधून चिरावा लागतो, केसभर सरकलं की दाणा वाया. सुरुवातीचे सहा-सात मी घाबरून घाबरून कापले. मग हात बसला. जेवणाची सुट्टी कधी झाली ते कळलं नाही. सगळे अर्धे भाग द्रावणात घालून तीस अंशांवर, अंधारात ठेवले आणि तीन तास दुसरं काम करायचा प्रयत्न केला. काही जमलं नाही.

साडेचारला बाहेर काढले. भिंगाखाली पहिला दाणा धरला. अंकुर लाल होता. कोवळं पान, मुळाची टोकं, सगळं लाल. दुसरा लाल. तिसरा लाल. मी मोजत गेले. एकशे चव्वेचाळीसपैकी एकशे एकतीस लाल.

मी मॅडमना हाक मारली. त्या आल्या, भिंगाला डोळा लावला. आपल्या हाताने दाणे उलटसुलट करून बघत होत्या.

"जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "पण जिवंत आहे म्हणून सही करता येत नाही. उगवून दाखवावं लागेल. ओल्या कागदावर मांडून फ्रिजमध्ये ठेव, गारव्याने झोप मोडते, मग वीसवर. त्या बाईंना फोन कर, थांबायला सांग."

मी फोन केला. काकूंनी माझं सगळं ऐकून घेतलं. "अहो, परवा ट्रक येतोय," त्या म्हणाल्या. "एकदा नापास झालं म्हटल्यावर सगळ्या म्हणाल्या, आट्याच्या गिरणीला घालून टाकू. त्यांना काय सांगू मी?"

"सांगा की गहू मेलेला नाही, झोपलाय. पंधरा दिवस द्या."

"तुम्ही डोळ्यांनी बघितलं?"

"बघितलं."

"मग ट्रक परत पाठवते," त्या म्हणाल्या. मी फोन ठेवला. माझ्या एका शब्दावर अठरा घरांचा माल थांबला होता.

संध्याकाळी आईला सगळं सांगितलं. ती कोलीम, म्हणजे बारीक कोळंबी, निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "म्हंजे मासळीचा बघतो तसा कल्ला उघडून बघितलास. लाल असला की ताजी, झालं. आता कशाला घाबरतेस गो?"

नवे चारशे दाणे घेतले. सात दिवस गारव्यात, मग कपाटात. त्या दिवसांत मी लॅबमध्ये सगळ्यांच्या आधी पोचायचे आणि थर्मामीटर बघितल्याशिवाय पर्सही खाली ठेवायचे नाही. चौथ्या दिवशी पहिली गुंडाळी उघडली तेव्हा पांढऱ्या मुळांची दाट झालर कागदाच्या कडेपर्यंत आलेली होती. मी रोपं मोजली, गुंडाळी मिटली आणि परत कपाटात उभी केली.

आठव्या दिवशी मॅडम खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसल्या. दोन गुंडाळ्या त्यांनी मोजल्या, दोन मी. चौऱ्याण्णव, ब्याण्णव, पंच्याण्णव, एक्याण्णव. सरासरी त्र्याण्णव.

मॅडमनी पेन उघडलं, सही केली आणि रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. तपासणाऱ्याच्या जागी एरवी नुसता लॅबचा शिक्का असायचा. "तिथे तुझं नाव लिही," त्या म्हणाल्या. "झकास काम केलंस."

काकूंना फोन लावला. आकडा सांगितला. मग त्यांनी फोन बाजूला धरून कोणाला तरी तो आकडा सांगितला, तिने आणखी कोणाला. अंगणातून अंगणात जाताना तो मला ऐकू येत होता.

डिसेंबरात त्यांनी आग्रहाने बोलावलं आणि मी गेले. अठ्ठावीस वर्षांच्या आयुष्यात मी जमिनीत उगवलेला गहू पाहिला नव्हता. विकून उरलेल्या त्याच बियाण्याच्या, घोट्याच्या वर आलेल्या हिरव्या ओळी थेट बांधापर्यंत गेल्या होत्या, मधे कुठे खंड नाही. अठराजणी बांधावर उभ्या होत्या. काकूंनी माझा हात धरून मला ओळींच्या मधून चालवलं आणि प्रत्येकीला सांगितलं, "हीच ती, ट्रक थांबवणारी." मी चपला काढून हातात घेतल्या आणि दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले.