बाबा कयाकमध्ये बसले

मंडळी, आत्ताच इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावरून रीडिंगला घरी पोचले.

बायपासनंतर आम्ही सासऱ्यांना जिनासुद्धा एकटं चढू देत नाही. आज मात्र समुद्रालगतच्या लगूनवर, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या तळ्यावर, ते हट्टाने माझ्या कयाकमध्ये, त्या अरुंद वल्ह्याच्या होडीत, मागे बसले. पाणी अगदी संथ होतं.

मध्यावर जाऊन मी गळ टाकला, तर मोठा मासा लागला. मी दचकले आणि कयाक कलंडायला लागली.

"नेहा, हलू नकोस. दोरी सैल सोड, त्याला दमू दे," बाबा शांतपणे म्हणाले. त्यांनी वल्ह्याने कयाक सावरली आणि मासाही वर घेतला.

"बाबा, तुम्हाला हे येतं?"

"अगं, दाभोळच्या खाडीवर वाढलोय मी!"

लग्नाला नऊ वर्षं झाली, मी कधी विचारलंच नव्हतं.

खरं सांगा, आपण आईवडिलांना जपतो, की नुसतं बसवून ठेवतो?