उंबऱ्याबाहेरची गोष्ट

माझी आई लिहायची ती फक्त हिवाळ्यात. पावसाळा ओल्या कपड्यांत आणि आमच्या दुखण्यांत जायचा, उन्हाळा पापड-कुरडयांत आणि पाहुण्यांत. उरला हिवाळा. दिग्रसला दिवाळी उलटली की कापसानं भरलेल्या बैलबंड्या जिनिंगकडे लागत, हवेत सरकीचा वास सुटे, आणि आई पहाटे बंब पेटवून त्याच्यासमोर पाट टाकून बसे. बंबात पऱ्हाटी घालायची, म्हणजे कापूस वेचल्यावर शेतात उरलेली वाळकी झाडं, आणि मांडीवर माझी पाटी घेऊन तिच्यावर कागद ठेवून लिहायचं. पाणी तापेस्तोवर एक पान व्हायचं.

तिला एक खोड होती. लिहिलेलं वाक्य मोठ्यानं म्हटल्याशिवाय पुढचं सुचत नसे. त्यामुळे आमच्या घरात सकाळी सकाळी अनोळखी माणसं भांडत, रुसत, घर सोडून जात. बाबा, म्हणजे मधुसूदन मास्तर, शाळेत इंग्रजी शिकवायचे. ते दात घासता घासता विचारत, "काय गं, तुझ्या त्या बाईला नेलं का नवऱ्यानं, की आजही माहेरीच?"

गावात तिला सगळे विमलताई म्हणत. पुण्याच्या एका मासिकात तिच्या दोन-तीन कथा आल्या होत्या. गावाला त्याचं कौतुक कमी आणि कुजबुज जास्त. ज्यांना खरंच आवडायच्या, तेसुद्धा "मग स्वयंपाक कधी करता?" असं विचारल्याशिवाय राहत नसत. मला त्या लोकांचा अजून राग येतो.

सत्तावन्न सालच्या थंडीत ती एका लहान मुलीची गोष्ट लिहीत होती. मुलीला नाव सुचेना, म्हणून तात्पुरतं माझं घरातलंच घातलं, चिमी. पुढं बदलू, म्हणून जे राहिलं ते राहूनच गेलं. गोष्टीतली चिमी आजारी होती आणि आईला काही तिला वाचवता येईना. "वाचली असती तर गोष्ट खोटी झाली असती," असं ती बाबांना म्हणाली होती. अडलेलं शेवटचं वाक्य नेमकं तिन्हीसांजेला जुळलं. देवाजवळ दिवा लावता लावता आई मोठ्यानं म्हणाली, "चिमीचा हात गार पडला होता."

शेजारची तुळसाबाई वाटीभर साखर मागायला दारात आली होती. ती तिथंच थांबली. "काय बोलून राह्यल्या वो विमलताई? दिवेलागणीच्या वक्ताले? वास्तू तथास्तु म्हणते ना."

आमच्याकडे हे पाळण्यातच कळतं. घराची वास्तू सारखी ऐकत असते, आणि कुणी बरंवाईट बोललं की तथास्तु म्हणून मोकळी होते. म्हणून कुंकू संपलं म्हणायचं नाही, वाढलं म्हणायचं. बाबा हसले. आईही हसली, पण साखर देण्याआधी तिनं देवाला हात जोडले, असं तुळसाबाई पुढं सगळ्या आळीला सांगत असे.

कथा टपालात पडली आणि मला डांग्या खोकला झाला. उबळ आली की मी काळीनिळी पडायची आणि आई मला उलटं धरून पाठ चोळायची. डॉक्टर झाले, काढे झाले, गळ्यात ताईत झाला. आईनं बाबांच्या मागं लागून मासिकाला कळवलं की शेवट बदलायचा आहे, छापू नका. पण पौषात अंक आला आणि त्यात कथा होती. चिमीचा हात गार पडलेलाच होता.

त्या दिवशी आईनं दौत आणि टाक देवापुढं ठेवले आणि वर तुळशीपत्र ठेवलं. "पोर उठू दे. मी पुन्हा लिहायची नाही," म्हणाली. पोर उठली. ती पोर मी.

तुळसाबाई म्हणे, चला, सुटल्या विमलताई. कुठली सुटते. पुढच्या हिवाळ्यात ती पुन्हा बंबासमोर बसू लागली, मांडीवर पाटी नाही एवढंच. ओठ हलायचे, आणि हलले की ती पदराचा बोळा तोंडावर दाबून धरायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं. मला वेणी घालता घालता ती मध्येच थांबे, भिंतीकडे बघे, आणि मग इतक्या जोरात केस ओढे की मी ओरडायची. वाक्यं येत होती आणि त्यांना जायला जागा नव्हती. एकदा ती बाबांना म्हणाली, "मला वेड लागेल हो."

"मग लिही ना. मी नाही हे मानत."

"तुम्ही नाही मानत. वास्तूला कुठं माहीत आहे ते?"

बाबांनी इंग्रजीचं पुस्तक उचललं आणि ते शाळेला निघाले. मी लहान होते. मला एवढंच कळत होतं की आईला काहीतरी हवं आहे आणि ते माझ्यामुळे मिळत नाही. ते कळणं फार वाईट होतं. खोकला आला तरी मी गोधडीत तोंड खुपसून खोकायची.

आमच्याकडे पऱ्हाटीचा भारा जमनी आणायची. ती जवळच्या बंजारा तांड्यातली. आधी तिच्याबरोबर तिची रुपी यायची, माझ्याच वयाची, आणि आम्ही अंगणात खडे खेळायचो. ज्या थंडीत मी उठले, त्याच थंडीत त्याच खोकल्यानं रुपी गेली. तिच्यासाठी देवापुढं ठेवायला जमनीजवळ दौत-टाक नव्हते.

पुढच्या हिवाळ्यात जमनी एकटी आली. काही दिवस भारा टाकून मुकाट गेली. मग एका सकाळी ती कुंपणाजवळ थांबली. तुळसाबाईनं तिला सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"बाई, तुमी कागदावर लिव्हलं म्हणून पोरगी बिमार पडली म्हणे?"

"म्हणतात तसं," आई म्हणाली.

"मंग लिव्हलं तं मेलेली पोरगी वापस येते का?"

"नाही गं जमनी. असं कुठं होतं का."

"मंग लिव्हनं कायले सोडलं तुमी?"

जमनी भांडायला आली नव्हती. तिला खरंच कळून घ्यायचं होतं. आई उंबऱ्यात उभी राहिली, आत जाता येईना की बाहेर येता येईना. वास्तू ऐकत असेल, तर जमनीची पोर परत मागायला हवी होती. ऐकत नसेल, तर वर्षभर तोंड दाबून बसण्यात काय अर्थ होता? त्या दिवशी आमच्या घरी भाकरी करपल्या.

दुसऱ्या दिवशी जमनीचा भारा पडल्याचा आवाज आला, तशी आईनं माझा हात धरला, उंबरा ओलांडला, आणि पार कुंपणापर्यंत गेली. वास्तूचा कान उंबऱ्याच्या आत असतो, बाहेरचं तिला ऐकू जात नाही, हे तिनं आपल्या मनानंच ठरवलं होतं. कुणाला विचारलं नाही. कुणी नाही म्हटलं असतं तर? माझ्या मनगटावर तिची बोटं नाडी बघितल्यासारखी घट्ट होती. ती हळू आवाजात म्हणाली, "रुपीला खोकला झाला होता. पण होळीच्या आधी तो उतरला."

जमनी भाऱ्यावर बसली. तिनं भाऱ्यातली एक काडी ओढून मोडली. मग म्हणाली, "मंग?"

तेव्हापासून रोज सकाळी कुंपणाशी रुपी थोडी थोडी मोठी होऊ लागली. ती शेळ्यांमागं गेली. तिला विंचू चावला, उतरला. तिनं आरशांच्या काचा लावून ओढणीवर भरतकाम केलं. आईला तांड्यातलं ओ की ठो माहीत नव्हतं. चुकली की जमनी म्हणे, "आमच्यात असं नसते बाई," आणि आई गोष्ट मागं नेऊन नीट करी. घरात ती पुन्हा गुणगुणू लागली. पण रोज गोष्ट संपली की माझ्या कपाळाला हात लावी, छातीला कान लावी, आणि संध्याकाळपर्यंत घाबरलेली असे. एवढं भ्यायची, तरी सकाळी पुन्हा कुंपणाशी जायची. तिला जमनीची दया येत होती हे खरं, पण तिला स्वतःलाही ती गोष्ट हवी होती, जेवणासारखी हवी होती.

माघ संपत आला तशी जमनी म्हणाली, "आता लगन करा तिचं."

आईनं टाळलं. रुपीला आणखी एकदा कापूस वेचायला पाठवलं, पुसदच्या बाजारात हरवलं आणि शोधून आणलं. लगन झालं की गोष्ट संपणार हे तिला दिसत होतं. पण जमनी रोज तेच म्हणायची. शेवटी आईनं पुसदकडच्या तांड्यातला मुलगा पाहिला, आणि एका सकाळी रुपी सासरी निघाली.

बंजाऱ्यांत नवरी निघताना ढावलो म्हणते. एकेकाच्या गळ्यात पडून, रडत, गात निरोप घेते. आईला हे माहीत नव्हतं. ती "मग रुपी निघाली" एवढं म्हणून गप्प झाली. जमनी उठली, आईच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि रुपीच्या वतीनं गाऊ लागली. हातांतल्या बलिया, म्हणजे रुंद बांगड्या, आईच्या मानेवर रुतत होत्या. मला त्या गाण्यातला एकच शब्द कळत होता, याडी, म्हणजे आई. जिला आमच्या सोवळ्याची नेहमी काळजी, ती तुळसाबाईसुद्धा आपल्या दारात उभी राहून डोळे पुसत होती. आई रडली नाही. तिनं एका हातानं जमनीला धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं मला.

दुसऱ्या दिवशी जमनी आली, भारा टाकला, पदर झटकला. आई उंबरा ओलांडून वाट बघत उभी होती. जमनी आज भाऱ्यावर बसली नाही. शेवटी आईच म्हणाली, "मग?"

"मंग काय बाई. पोरगी आपल्या घरी गेली," जमनी म्हणाली. वर्षभरात पहिल्यांदा तिचा आवाज मोकळा होता. ती वळली आणि वाटेला लागली.

आई बराच वेळ कुंपणाशी उभी होती. तिथं तिचं कुणी ऐकणारं उरलं नव्हतं, आणि आत वास्तू होती. मग ती येऊन बंबासमोर बसली. पदराचा बोळा केला, तोंडावर दाबला, आणि डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "पऱ्हाटी ओली आहे मेली. किती धूर करते."

पऱ्हाटी कडकडीत वाळलेली होती. बंब ढणढणा जळत होता आणि धूर अजिबात नव्हता.