जो हलला नाही, तो उमटला

१४ डिसेंबर, रविवार. सोसायटीच्या कॅलेंडरसाठी कल्याणच्या काळ्या तलावाचा फोटो संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. चमत्कारांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. घडलं तेवढं सांगते.

पूर्वी कॅमेऱ्याची लेन्स बराच वेळ उघडी ठेवत. चालती माणसं फोटोत उमटतच नसत, स्थिर असेल तेवढंच यायचं. मला तो जुना इफेक्ट हवा होता. सकाळी ट्रायपॉड लावून एकाच जागेचे भरपूर फोटो काढले. दुपारी ते लॅपटॉपवर एकावर एक चढवायला लावले, म्हणजे हलणारं सगळं पुसलं जातं, आणि किचन आवरायला गेले.

बाहेर आले तर दार सताड उघडं... अप्पा गायब.

अप्पा म्हणजे माझे सासरे. गेलं वर्षभर त्यांना काही आठवत नाही, कधीकधी स्वतःचं नावसुद्धा. त्यांची जुनी कंपनी विठ्ठलवाडीला, म्हणून नवरा तिकडे धावला. ग्रुपवर टाकायला अप्पांचा फोटो हवा म्हणून मी लॅपटॉपपाशी आले. स्क्रीनवर तलाव तयार होता. सगळा काठ निर्मनुष्य — फक्त पंपाच्या खोलीमागे, पायरीवर एक माणूस. झूम केलं. अप्पा! अंगात नवऱ्याचा पिवळा टी-शर्ट.

मी फोटो काढत होते तेव्हा अप्पा घरी झोपलेले. आणि टी-शर्ट बादलीत भिजत होता, तो मी आल्यावर वाळत घातला. गॅलरीत बघितलं. दोरीवर नव्हता.

नवऱ्याला फोन लावला.

"अगं, इथे कुठेच नाहीत गं—"

"तलावावर ये. पंपाच्या खोलीमागे."

"तुला कोणी सांगितलं?"

"आधी रिक्षा पकड!"

मी तलावाकडे धावले. त्या खोलीमागे सहसा कोणी फिरकत नाही. अप्पा शेवटच्या पायरीवर, पाण्यात पाय सोडून बसले होते. जरा पुढे सरकले असते तर... मी दंड धरला तसे वैतागून म्हणाले, "झाला का फोटो? हलू नका म्हणालीस म्हणून बसलोय. पाय गारठले!"

नवरा आला तो हमसून रडायलाच लागला. म्हटलं, "रड नंतर, आधी त्यांचे पाय पूस."

घरी येऊन पाहिलं तर स्क्रीनवर पायरी रिकामी. एकेक फोटो तपासला, पुन्हा सगळे चढवून बघितले. अप्पा कुठेच नाहीत. आभार कोणाचे मानायचे ते कळेना, तरी हात जोडले. तुमच्यापैकी कोणाला उलगडा झाला तर सांगा, मला अजून झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांच्या प्रत्येक शर्टाच्या कॉलरला आतून माझ्या मोबाईल नंबरची पट्टी शिवली. अप्पा शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होते.