कोब्याची पूड

कामतघरला आमच्या घराखाली सासऱ्यांचे कापड विणायचे चार लूम होते. ते विकले आणि त्या जागेत गाडी ठेवायला म्हणून नवऱ्याने नवा कोबा करून घेतला. करणाऱ्याने सिमेंटात पाणी इतकं ओतलं की वर दुधासारखा थर आला, आणि सुकल्यावर तो पिठासारखा सुटू लागला. गाडी आत आली की धुरळा, बाहेर गेली की धुरळा. जिन्यावर, वाळत घातलेल्या चादरींवर, देवघरातल्या समईवरसुद्धा करडी पूड. मी वर फडकं मारायची आणि सासरे खाली झाडू मारून ती पुन्हा वर पाठवायचे.

त्यांना सांगून उपयोग नव्हता. लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, आणि जे ऐकू यायचं ते पटायचं नाही.

"बाबा, झाडू नका. जेवढं झाडाल तेवढी पूड निघते."

"न झाडून कसं चालंल? घान हाय ती."

"घाण नाही, जमीनच आहे. तुम्ही जमीन झाडून काढताय."

"मंग संपंल कवातरी," असं म्हणून ते झाडत राहिले.

त्यांना खोकला लागला. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूळ आहे का? मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने त्याच रविवारी, कुणाला न विचारता, ऑइलपेंटचा डबा आणला आणि पुडीवरच फासला. आठ दिवस जमीन छान दिसली. मग तापलेल्या टायरांना रंग चिकटून पापडासारखा उचलला गेला. आता पूड होतीच, वर रंगाचे पोपडेही झाले.

एवढ्यावर शहाणा होईल तर तो माझा नवरा कसला. त्याला मोबाईलवर जमिनीवर लेपायचं इपॉक्सी सापडलं. आरशासारखी चकचकीत जमीन, तीत गाडीचं प्रतिबिंब. रोज चहाच्या वेळी मला एकच प्रश्न, "राखाडी बरा की निळा?" नारपोलीहून एक माणूस नमुन्याच्या पट्ट्या घेऊन आला आणि माझ्याकडे न बघता नवऱ्याशी बोलत बसला.

तोवर मी पोपडे खरवडायला पत्रा आणण्यासाठी हार्डवेअरवाल्या चाचांकडे जाऊन आले होते. ते म्हणाले होते, "रंग नंतर निवडा. पहले देखो, नीचे से ओल येते का. प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी उचलून बघा."

मी हे त्या माणसाला सांगितलं. "ते बघू नंतर, मॅडम," तो म्हणाला. नवऱ्यानेही मान डोलावली. मग मीच प्लॅस्टिक चिकटवलं. सासऱ्यांनी कचरा समजून काढून टाकलं. पुन्हा चिकटवलं, पुन्हा काढलं. तिसऱ्या वेळी मी खुर्ची आणून त्यांना तिथे बसवलं आणि कानाशी जाऊन सांगितलं, याला कुणी हात लावायचा नाही. मग मात्र त्यांनी अशी राखण केली की नवऱ्याला गाडी रस्त्यावर उभी करावी लागली.

दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक उचललं. खाली पाण्याचे थेंब, आणि तेवढाच चौकोन काळपट ओला. आम्ही तिघं बघत उभे होतो. सासरे शांतपणे म्हणाले, "येनारच. हितं हीर व्हती. माझ्या बापानं बुजवली, मंग शेड बांधली."

"मग आधी का नाही सांगितलंत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कोनी इचारलं?"

ओलीवर इपॉक्सी टिकत नाही, फुगून सुटतं, हे चाचांकडून नवऱ्याने स्वतः ऐकलं तेव्हा कुठे त्याचा निळ्या रंगाचा हट्ट सुटला. चाचांनी दुसरंच औषध दिलं. पाण्यासारखं पातळ, कोब्यात मुरून त्याला आतून घट्ट करणारं, आणि ओल अडवून न धरणारं.

"म्हणजे वरून काहीच दिसणार नाही?" नवऱ्याने विचारलं.

"नाही," चाचा म्हणाले.

त्याचा चेहरा बघवत नव्हता. आधीचा रंग मशीनने घासून काढायला दोन दिवस गेले. सगळ्या वर्षात उडाली नसेल एवढी धूळ त्या दोन दिवसांत उडाली, म्हणून सासऱ्यांना गावी, दिघाशीला, पाठवून दिलं. मग जमीन धुतली, वाळवली, औषध फवारलं, अर्धा तास पोछ्याने ओलं ठेवलं आणि उरलेलं पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

जमीन दिसायला होती तशीच राहिली. पण तळवा घासला तर हाताला काही लागेना. सासरे परत आल्यावर महिन्याभरात त्यांचा खोकला बसला.

पुढे समोरच्या शेजाऱ्यानेही गॅरेज बांधलं. आमची जमीन बघायला आला तेव्हा नवरा त्याला सांगत होता, "इपॉक्सीच्या नादाला लागू नका. आधी ओल तपासा. मी पहिल्यापासून हेच म्हणत होतो."

शेजाऱ्याने पायाखाली बघितलं आणि विचारलं, "बरं, मग काम कधी सुरू करताय?"